वार्षिक अहवालातला लांबलचक तक्ता वर्डमध्ये नीट कसा बसवावा?

मुलुंडकर (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

या वर्षी आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद माझ्याकडे आले आणि त्याबरोबर वार्षिक अहवालाची वर्डमधली फाइलही माझ्या गळ्यात पडली. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते; त्यामुळे अहवाल ऐन गणपतीच्या गडबडीत छापखान्यात जातो आणि त्या वेळी एखादी ओळ इकडची तिकडे झाली, तर दुरुस्तीला सवड मिळत नाही.

मजकुराची काही अडचण नाही. अडचण आहे ती सभासदनिहाय आकारणीच्या तक्त्याची. इमारतीत ८४ सदनिका आहेत आणि तक्त्यात दहा रकाने आहेत: सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, सेवाशुल्क, पाणीपट्टी, मालमत्ता कर, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग, मागील थकबाकी आणि एकूण. हा तक्ता चार पानांवर पसरतो. मूळ फाइलमध्ये प्रत्येक पानासाठी वेगळा तुकडा केलेला आहे, प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर रकान्यांची शीर्षके पुन्हा चिकटवलेली आहेत आणि मधली जागा एंटर दाबून भरलेली आहे. एखाद्या सदनिकेला सहसभासदाचे नाव जोडले की तिथे दोन ओळी होतात, खालचे सगळे सरकते आणि शीर्षकांची पट्टी पानाच्या मध्यावर येऊन बसते. शिवाय काही ओळींत उकार आणि रफार छाटले जातात. अक्षर लहान करावे म्हणून आकार बदलला, तर इंग्रजी आकडे लहान होतात आणि मराठी नावे आहेत तशीच राहतात.

तक्ता नव्याने करण्याची माझी तयारी आहे, पण पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होऊ नयेत, अशा रीतीने तो कसा करावा, याचे मार्गदर्शन हवे आहे.

आकडेमोड

एवढे आकडे असलेला तक्ता वर्डमध्ये करूच नये, असे माझे मत आहे. एक्सेलमध्ये करावा, तिथूनच पीडीएफ काढावी आणि अहवालाला जोडावी. एक्सेलमध्ये ‘प्रिंट टायटल्स’ ही सोय आहे, तिने शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर छापली जाते.

अक्षरजुळणी

गिरगावात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचे, काम करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आधी श्री-लिपी आणि पेजमेकर, नंतर वर्ड. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

मुलुंडकरांच्या फाइलमध्ये जे झाले आहे, ते मुंबईतल्या निम्म्याअधिक सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या अहवालांत दिसते. तक्ता हाताने पानांवर रचलेला असतो. तो कुठे तुटावा आणि तुटल्यावर काय व्हावे, हे वर्डला सांगितलेलेच नसते. ते सांगायची सोय वर्डमध्ये फार पूर्वीपासून आहे.

प्रथम तुकडे जोडून घ्यावेत. दोन तुकड्यांमधले सगळे रिकामे परिच्छेद पुसले की दोन्ही तक्ते आपोआप एकमेकांना चिकटतात. त्यानंतर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या डोक्यावरच्या शीर्षकांच्या ओळी पूर्णपणे काढून टाकाव्यात. असे करताना ओळ निवडून डिलीटची कळ दाबली, तर फक्त मजकूर जातो आणि रिकामी ओळ तशीच राहते, म्हणून उजव्या क्लिकने ‘डिलीट रोज’ हा पर्याय घ्यावा. आता सबंध तक्त्यात शीर्षकांची एकच ओळ उरेल, ती म्हणजे पहिली. तिच्यात कर्सर ठेवून टेबलाच्या लेआउट टॅबमधील ‘रिपीट हेडर रोज’ हे बटण दाबावे. यापुढे तक्ता ज्या ज्या पानावर जाईल, त्या पानाच्या माथ्यावर ती ओळ वर्ड स्वतः छापील आणि पहिल्या ओळीत दुरुस्ती केली की सगळ्या पानांवर ती एकदमच होईल.

दुसरी गोष्ट ओळ मधोमध तुटण्याची. दोन ओळींत गेलेल्या नावाचा वरचा अर्धा भाग एका पानावर आणि खालचा दुसऱ्या पानावर, हे फार वाईट दिसते. सबंध तक्ता निवडून ‘टेबल प्रॉपर्टीज’ उघडावे, तिथल्या ‘रो’ या भागात ‘अलाऊ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस’ अशी खूण असते, ती काढावी. मग जी ओळ पानाच्या तळाशी पुरती मावत नाही, ती अख्खीच पुढच्या पानावर जाते.

आकडेमोड यांचा सल्ला चुकीचा नाही, हिशेब एक्सेलमध्येच ठेवावा. पण अहवालाचे पृष्ठक्रमांक, माथ्यावरचे संस्थेचे नाव आणि सलग मांडणी हवी असेल, तर दोन ठिकाणच्या पीडीएफ एकत्र बांधण्यापेक्षा एक्सेलमधून तक्ता वर्डमध्ये आणलेला बरा. मात्र चिकटवताना ‘लिंक’ असलेला पर्याय घेऊ नये. फाइल छापखान्याच्या संगणकावर गेली की तिला मूळ एक्सेल सापडत नाही आणि तो माणूस रात्री दहा वाजता फोन करतो.

टंकनवर्ग

मात्रा छाटल्या जाण्याबद्दल लिहिते. आमच्या परळच्या वर्गात हा प्रश्न घेऊन दर महिन्याला कोणीतरी येतेच.

याची कारणे दोन असतात आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी दडलेली असतात. पहिले कारण ओळीची उंची. टेबल प्रॉपर्टीजमध्ये ओळीची उंची ‘अ‍ॅट लीस्ट’ किंवा ‘एक्झॅक्टली’ अशा दोन प्रकारे ठरवता येते. एक्झॅक्टली घेतले, तर अक्षर कितीही उंच असले, तरी वर्ड ती उंची वाढवत नाही, उरलेले अक्षर झाकून टाकतो. दुसरे कारण परिच्छेदातल्या ओळींमधील अंतर, म्हणजे ‘लाइन स्पेसिंग’. तिथेही एक्झॅक्टली असते. रोमन लिपीसाठी १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंटचे अंतर पुरते, म्हणून इंग्रजी नमुन्यांत ते बिनदिक्कत वापरलेले असते; पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराची शेपूट असा दोन्ही बाजूंना पसारा असतो. ‘कुलकर्णी’ हा एकच शब्द घेऊन पाहा: खाली उकार आहे, वर रफार आहे आणि शेवटी वेलांटी आहे. तक्त्यातली उंची पुरेशी आहे की नाही, हे या शब्दावरून लगेच कळते. ‘हृ’ आणि ‘ट्रू’ असलेला एखादा शब्दही लिहून बघावा.

म्हणून तक्त्यातल्या मराठी मजकुराला ओळीची उंची नेहमी अ‍ॅट लीस्ट ठेवावी आणि लाइन स्पेसिंग ‘सिंगल’ ठेवावे. तक्ता दाटीवाटीचा वाटला, तर उंची वाढवण्याऐवजी सेलची आतली मोकळी जागा वाढवावी. वर्डमध्ये ती मुळात डावीउजवीकडे ०.१९ सेंटिमीटर आणि वरखाली शून्य असते. टेबल प्रॉपर्टीजमधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन वरखाली ०.०५ सेंटिमीटर जरी दिले, तरी आडव्या रेघा मात्रांना चिकटत नाहीत.

आता अक्षराच्या आकाराविषयी. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतो आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार आणि ठळकपणा यांची नोंद रोमन अक्षरांपासून वेगळी ठेवतो. त्यामुळे एकाच सेलमध्ये इंग्रजी आकडा ९ पॉइंटचा आणि मराठी नाव ११ पॉइंटचे राहू शकते. मजकूर निवडून कंट्रोल आणि डी या कळा दाबल्या की फॉन्टची चौकट उघडते, तिच्यात ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन वेगळे भाग दिसतात. बदल दोन्हींत करावा. तक्त्यासाठी एक वेगळी परिच्छेद-शैली करून तिच्यातच हे दोन्ही आकार भरून ठेवले, तर प्रत्येक सेलमध्ये जाऊन हे करावे लागत नाही.

फॉन्टच्या नावावरही पुष्कळ अवलंबून आहे. त्याच १० पॉइंटमध्ये ‘मंगल’ ऐसपैस जागा घेतो आणि ‘कोकिला’ किंवा ‘अपराजिता’ बरेच बारीक दिसतात. नुसता फॉन्ट बदलून तक्ता चार पानांचा तीन पानांवर आला, तर हरखून जाऊ नये. ज्येष्ठ सभासदांना तो वाचता येतो का, हे एक पान छापून आधी पाहावे. ‘निर्मला यूआय’ विंडोजमध्ये असतोच. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ विनामूल्य मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

मुलुंडकर

अक्षरजुळणी आणि टंकनवर्ग, दोघांचेही मनापासून आभार. कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा उलगडा झाल्यावर आकाराचा प्रश्न हातासरशी सुटला. ओळीची उंची खरोखरच एक्झॅक्टली ठेवलेली होती.

तुकडे जोडले, तेव्हा एक नवी गोष्ट लक्षात आली. प्रत्येक तुकड्याच्या रकान्यांची रुंदी एकदोन मिलिमीटरने वेगळी आहे, त्यामुळे उभ्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात. दहा रकाने उभ्या पानावर बसवावेत की पान आडवे करावे, हेही ठरत नाही. आणि रिपीट हेडर रोज दाबूनही दुसऱ्या पानावर शीर्षके येत नाहीत. बटण दाबलेले दिसते, पण वर्ड ताकास तूर लागू देत नाही.

अक्षरजुळणी

शीर्षके न येण्यामागे बहुधा दोनच कारणे असतात. एक, तक्त्याच्या मध्ये कुठेतरी हाताने घातलेला पेज ब्रेक असतो. तक्ता आपोआप पुढच्या पानावर गेला तरच शीर्षक पुन्हा येते, मध्ये पेज ब्रेक घालून ढकलला तर येत नाही. परिच्छेदखुणा दाखवणारे बटण दाबले की असा ब्रेक डोळ्यांना दिसतो. दोन, तक्त्याचे ‘टेक्स्ट रॅपिंग’ हे ‘अराउंड’ असे झालेले असते. तक्त्याच्या डाव्या कोपऱ्यातील चार बाणांची खूण माउसने धरून तक्ता ओढला की वर्ड कोणाला न विचारता हे करून टाकतो. टेबल प्रॉपर्टीजच्या पहिल्याच भागात जाऊन ते ‘नन’ करावे. तुमच्या फाइलमध्ये तुकडे पानापानांवर ओढून ठेवलेले असणार, म्हणून माझा संशय दुसऱ्या कारणावर आहे.

आता रुंदी. हे डोळ्यांच्या अंदाजाने न करता कागदावर गणित मांडून करावे. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना २.५४ सेंटिमीटरचा समास सोडला, तर १५.९२ सेंटिमीटर उरतात. त्यात दहा रकाने समान वाटले, तर प्रत्येकी १.६ सेंटिमीटरदेखील येत नाहीत आणि त्यातून सेलची आतली जागा दोन्ही बाजूंनी वजा केली, तर मजकुराला १.२ सेंटिमीटर मिळतात. त्यात सभासदाचे पूर्ण नाव बसवणे अशक्य आहे. तेच पान आडवे केले, तर २९.७ मधून समास जाऊन २४.६२ सेंटिमीटर मिळतात. सदनिका क्रमांकाला १.६, नावाला ५.५ आणि रकमांच्या आठ रकान्यांना प्रत्येकी २.१५ दिले, तर बेरीज २४.३ होते, म्हणजे थोडी जागा उरतेसुद्धा. २.१५ च्या रकान्यात १० पॉइंटमध्ये लाखाच्या घरातली रक्कम पैशांसह मावेलच असे नाही, पण नुसते रुपये आरामात मावतात. सोसायटीच्या आकारणीत पैसे छापण्याचे तसेही काही कारण नाही.

ही मापे टेबल प्रॉपर्टीजच्या ‘कॉलम’ या भागात आकड्यांनी भरावीत, रेघ ओढून नव्हे. रेघ ओढताना एखादाच सेल निवडलेला राहिला, तर फक्त त्याच सेलची रुंदी बदलते आणि पायऱ्या तयार होतात. मापे भरण्याआधी ऑटोफिटमध्ये ‘फिक्स्ड कॉलम विड्थ’ निवडावे. तसे केले नाही, तर एखादे लांब आडनाव टंकताच नावाचा रकाना फुगतो आणि बाकीचे रकाने आक्रसतात.

फक्त तक्त्याची पाने आडवी करण्यासाठी तक्त्याच्या आधी आणि नंतर ‘सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज’ घालावा आणि मधल्या विभागालाच ‘लँडस्केप’ करावे. नुसता पेज ब्रेक घालून दिशा बदलली, तर सबंध अहवाल आडवा होतो. शीर्षके उभी फिरवून उभ्या पानावरच तक्ता कोंबण्याचा मार्गही काही जण सांगतील, पण मला तो अजिबात पसंत नाही, कारण दहा शीर्षके मान वाकडी करून वाचायला सभासद काही बांधील नाहीत.

लालबागकर

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, ती बऱ्याचदा कार्यकर्ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात: नाव, स्वल्पविराम, इमारत, स्वल्पविराम, रक्कम. पूर्वी ती सेलसेलमध्ये पुन्हा टंकली जात असे. त्यासाठी एक सोपा मार्ग आहे. सगळा मजकूर वर्डमध्ये चिकटवून निवडावा आणि इन्सर्ट टॅबमधील टेबलाच्या यादीत ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टु टेबल’ घ्यावे. रकाने कशाने वेगळे करायचे, हे विचारले जाते, तिथे स्वल्पविराम सांगावा. मेख एकच आहे: रक्कम १,००१ अशी लिहिलेली असेल, तर त्यातला स्वल्पविरामही रकाना तोडतो आणि देणगीदाराच्या नावावर एक रुपया लागतो. त्यामुळे रकमा आधी स्वल्पविरामाशिवाय मागवाव्यात.

एखादी ओळ वरखाली हलवायची असेल, तर कापून चिकटवण्याची गरज नसते. ओळीत कर्सर ठेवून ऑल्ट, शिफ्ट आणि वरचा किंवा खालचा बाण दाबला की सबंध ओळ सरकते. देणगीदारांचा मानपान सांभाळताना ही कळ फार उपयोगी पडते.

सोसायटीवाल्यांनी सदनिका क्रमांकानुसार क्रम लावताना एक काळजी घ्यावी. क्रमांकाआधी विंगचे अक्षर असले, तर वर्ड तो मजकूर समजतो आणि ए-१० हा ए-२ च्या आधी लावतो. ए-०२ असे लिहिले, तर क्रम बरोबर लागतो.

श्राव्य

मी अंध आहे आणि एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरून वाचतो. आमच्या सोसायटीचा अहवालही मला फाइल स्वरूपात मिळतो, म्हणून या धाग्यात माझ्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

अक्षरजुळणी यांनी सांगितलेली शीर्षकाची खूण केवळ छपाईसाठी नसते. तक्त्यातली पहिली ओळ शीर्षक म्हणून नोंदलेली असली, तर मी ५७ व्या ओळीतल्या एखाद्या आकड्यावर असताना स्क्रीन रीडर मला ‘दुरुस्ती निधी’ असे रकान्याचे नाव वाचून दाखवू शकतो. ती नोंद नसेल, तर मला फक्त आकडा ऐकू येतो आणि तो कशाचा हे रकाने मोजत ठरवावे लागते. पानापानांवर चिकटवलेली शीर्षके असली, तर ती मला एखाद्या सदनिकेसारखीच ऐकू येतात.

दुसरी गोष्ट जोडलेल्या सेलची. एका सभासदाच्या दोन सदनिका असल्या की नावाचे दोन सेल ‘मर्ज’ करून एक केले जातात. डोळ्यांना ते नीटनेटके दिसत असेल, पण ऐकताना दुसऱ्या ओळीत नावच सापडत नाही. नाव दोन्ही ओळींत लिहावे, ही माझी विनंती आहे. तसेच रक्कम नसलेला सेल रिकामा न सोडता त्यात शून्य लिहावे, कारण रिकाम्या सेलवर आकडा नाही की टंकायचा राहून गेला आहे, हे कळायला मार्ग नसतो.

आकडेमोड

श्राव्य यांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. मर्ज केलेले सेल एक्सेलमध्येही क्रम लावू देत नाहीत. मात्र अगदी वरच्या शीर्षकात, ‘निधी’ असे एक मोठे शीर्षक देऊन त्याखाली सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी अशी दोन शीर्षके द्यायची असली, तर मर्ज करण्यावाचून गत्यंतर नाही.

श्राव्य

गत्यंतर आहे. ‘निधी’ हे वरचे शीर्षक गाळले, तरी खालच्या दोन नावांतून अर्थ पुरेसा कळतो.

टंकनवर्ग

या बाबतीत मी श्राव्य यांच्या बाजूने आहे. दुमजली शीर्षक ठेवायचेच असेल, तर दोन्ही ओळी एकत्र निवडून रिपीट हेडर रोज दाबावे लागते आणि निवडीत पहिली ओळ असावीच लागते. फक्त दुसरी ओळ निवडली, तर शीर्षक पुन्हा येत नाही. मुलुंडकरांच्या तक्त्याला त्याची गरज दिसत नाही.

रेघांविषयीही सांगते. प्रत्येक सेलभोवती काळी चौकट असली की ८४ ओळींमध्ये आकड्यांपेक्षा रेघाच जास्त दिसतात. उभ्या रेघा काढून टाकाव्यात, आडव्या बारीक आणि करड्या ठेवाव्यात आणि शीर्षकाखाली व एकूण रकमेच्या वर तेवढी ठळक रेघ द्यावी. एकाआड एक ओळी रंगवणारे ‘बँडेड रोज’ पडद्यावर छान दिसतात, पण अहवालाच्या झेरॉक्स प्रती काढायच्या असतील तर करड्या पट्ट्यांचे काळे डाग होतात आणि त्यावरचे आकडे वाचता येत नाहीत. रकमा नेहमी उजवीकडे लावाव्यात आणि नावे डावीकडे; सगळे मधोमध लावण्याची जी हौस असते, तिच्यामुळे एककाखाली एकक येत नाही आणि ९५० हा आकडा १,२५० पेक्षा लहान आहे, हे नजरेला पटकन जाणवत नाही. पैसे दाखवायचेच असतील, तर रकान्यात दशांश टॅब, म्हणजे दशांशचिन्हे एकाखाली एक आणणारा टॅब, लावावा. सेलमधल्या आकड्याला तो टॅबची कळ न दाबताही लागू होतो.

मुक्तस्रोत

लिबरेऑफिस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. रायटरमध्ये तक्त्याच्या प्रॉपर्टीजमधील ‘टेक्स्ट फ्लो’ या भागात ‘रिपीट हेडिंग’ आणि ओळ तुटू न देण्याची सोय, दोन्ही एकत्र मिळतात. तिथल्या ‘नंबर रेकग्निशन’वर मात्र लक्ष ठेवावे; ते चालू असेल, तर इंग्रजी अंकांत लिहिलेला ३/४ यासारखा सदनिका क्रमांक तारीख समजून बदलला जाऊ शकतो. गूगल डॉक्समध्येही ‘पिन हेडर रो’ आहे.

मुलुंडकर

अक्षरजुळणी यांचा संशय खरा ठरला. टेक्स्ट रॅपिंग ‘अराउंड’ होते; ते ‘नन’ करताच चारही पानांवर शीर्षके आली. पान आडवे केले, मापे आकड्यांनी भरली आणि उभ्या रेघा काढल्या. श्राव्य यांच्या सूचनेप्रमाणे दोन सदनिका असलेल्या सभासदांची नावे दोन्ही ओळींत लिहिली आणि रिकाम्या सेलमध्ये शून्य भरले.

आता दोन शंका उरल्या आहेत. तळाच्या ओळीत वर्डनेच बेरीज करावी, असे करता येते का? आणि तक्त्याच्या शेवटी एक कोरे आडवे पान येते, ते कितीही डिलीट केले तरी जात नाही.

आकडेमोड

बेरीज करता येते. तळाच्या सेलमध्ये जाऊन लेआउट टॅबमधील ‘फॉर्म्युला’ घेतला की ‘सम अबव्ह’ आपोआप सुचवले जाते. तरीही ८४ सदनिकांच्या हिशेबासाठी मी त्यावर विसंबणार नाही. वरचा आकडा बदलला तरी ही बेरीज आपोआप बदलत नाही, ती निवडून एफ-९ दाबावे लागते. मध्ये सेल रिकामा असला, तर बेरीज तिथेच थांबू शकते. तुम्ही शून्ये भरलीत, हे त्या दृष्टीनेही बरे झाले. आणि शीर्षकाच्या सेलमध्ये इंग्रजी अंकांत वर्ष लिहिलेले असेल, तर तेही आकडा समजून बेरजेत धरले जाते. एकूण रकमेत दोन हजारांच्या आसपास फरक येऊ लागला की आधी शीर्षकाकडे पाहावे. लेखापरीक्षकांनी तपासलेली बेरीज एक्सेलमधून आणून तळाच्या ओळीत टंकणे, हेच सगळ्यांत सुरक्षित.

अक्षरजुळणी

कोऱ्या पानाचे कारण असे की, वर्डमध्ये तक्त्यानंतर एक परिच्छेद असावाच लागतो, तो पुसता येत नाही. तक्ता पानाच्या तळापर्यंत भरला की त्या बिचाऱ्या रिकाम्या परिच्छेदाला पुढच्या पानावर जावे लागते आणि तुमच्या बाबतीत त्याच्या मागोमाग सेक्शन ब्रेकही जातो. त्या परिच्छेदात कर्सर ठेवून अक्षराचा आकार १ पॉइंट करावा, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या भागातही १ च भरावा, परिच्छेदाच्या आधीचे व नंतरचे अंतर शून्य करावे आणि लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली १ पॉइंट ठेवावे. टंकनवर्ग यांनी निषिद्ध ठरवलेली एक्झॅक्टली फक्त इथे चालते, कारण या परिच्छेदात छाटले जाण्यासारखे एकही अक्षर नाही. तेवढ्यानेही पान गेले नाही, तर त्या विभागाचा तळाचा समास दोनतीन मिलिमीटरने कमी करावा.

छापखान्याला वर्डची फाइल न देता पीडीएफ द्यावी. वर्डमधून ‘सेव्ह अ‍ॅज’ने पीडीएफ केली की फॉन्ट तिच्यातच समाविष्ट होतो, नाहीतर त्यांच्या संगणकावर ‘मुक्ता’ नसला की दुसराच फॉन्ट लागतो आणि सगळी मापे विस्कटतात. मात्र श्राव्य यांच्यासारख्या सभासदांसाठी ती पीडीएफ वर्डमधूनच काढावी, छापील प्रत स्कॅन करून पाठवू नये; स्कॅन म्हणजे नुसते चित्र, त्यात त्यांना ना शीर्षक मिळते ना आकडा. पीडीएफ करताना ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही खूण असते, ती असल्याची खात्री करून घ्यावी.

मुलुंडकर

कोरे पान गेले. तळाचा समास कमी करावा लागला नाही. पीडीएफमधल्या टॅग्जची खूण आधीपासूनच होती. श्राव्य यांना चालणार असेल, तर नावे आणि रकमा बदललेले नमुन्याचे एक पान त्यांना व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, म्हणजे शीर्षके ऐकू येतात की नाही, हे छपाईला जाण्यापूर्वी कळेल.

श्राव्य

अवश्य पाठवावे. शक्य झाल्यास दुसरे किंवा तिसरे पानही सोबत जोडावे, कारण शीर्षक पहिल्या पानावर वाचले जाते आणि पुढच्या पानांवर हरवते, असे काही फाइलींमध्ये होते.